बापाच्या पाळीचं पाणी

मसांगेनी, किलिमांजारोचा दक्षिण उतार
१७ जानेवारी १९७१, रविवार

क्लेमेन्सी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घालणार असशील, तर आधी एवढं वाच. शनिवारी, सहा फेब्रुवारीला, पाट उकरायचा आहे. त्या दिवशी मला तू कुदळ घेऊन इथे हवा आहेस. एकच दिवस. संध्याकाळच्या गाडीने दार-एस-सलामला परत गेलास तरी चालेल. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस तरी चालेल.

आता घालायचं तर घाल चुलीत.

नाही घातलंस? मग बस आणि ऐक. गेल्या वर्षी सरकारने सगळ्याच मिशनच्या शाळा घेतल्या, तशी आमचीही घेतली. फाटकावरचं ‘संत ओडिलिया’ हे नाव पुसून रंगाऱ्याने ‘मसांगेनी कन्या माध्यमिक शाळा’ असं लिहिलं. निळा रंग मध्येच संपला, म्हणून ‘शाळा’ हिरवी आहे. गोऱ्या सिस्टर एकेक करून आपापल्या देशी गेल्या. मला मुख्याध्यापिका केलं. ज्या वर्गात फळा पुसायची मला भीती वाटायची, त्या वर्गाच्या किल्ल्या आता माझ्या कमरेला आहेत.

मोशीचे शिक्षणाधिकारी ताबा घ्यायला आले तेव्हा त्यांनी बाकं, खाटा, शिवणयंत्रं, घंटा, सगळं मोजून घेतलं. टाकीपाशी उभे राहून म्हणाले, “पाणी मिशनचं होतं, म्हणजे आता सरकारचं.” ते पाणी मिशनचं कधी नव्हतंच, हे तुला आणि मला माहीत आहे. शाळा निघाली तेव्हा सिस्टर दोन गाढवं घेऊन दरीतून पाणी आणायच्या. बाबा एक दिवस उठून त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, “पाटाची माझी सकाळची पाळी घ्या. पण माझ्या पोरीच्या डोक्यावर घडा देऊ नका. घडे ती घरीही वाहते. तिला अक्षरं द्या.” लोकांनी बाबांना वेड्यात काढलं. त्या वर्षी आपल्या केळी अर्ध्या वाळल्या आणि आई महिनाभर बाबांशी बोलली नाही.

तू गेल्यावर मिशनचे ब्रदर एमील बाबांची कुदळ घेऊन पाटावर उभे राहायचे. लोक त्यांना बाबांचा पांढरा मुलगा म्हणायचे आणि चालवून घ्यायचे. नोव्हेंबरात तेही आपल्या देशी गेले. परवा किविया म्हातारबा आले. ऐंशीला टेकले, पण पाटकरी अजून तेच, आणि पाळी कुणाची हे अजून त्यांच्याच तोंडून ठरतं. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, “सिस्टर, तुझा एमील बरदर गेला. आता तुझ्या बापाची कुदळ कोण धरणार?”

“धरेल कुणीतरी,” मी म्हटलं.

“कुणीतरी नाही चालत. घरचा पुरुष लागतो. नाहीतर पाळी गेली.”

घरचा पुरुष तू आहेस. दुसरा कुणी असता तर तुला लिहिलं नसतं. नाही आलास तरी माझं काही अडणार नाही, पण ये.

गाउडेन्सिया


७ फेब्रुवारी, रविवार

क्लेमेन्सी,

नाही आलास. पाटाच्या कामाला बोलावणारं शिंग वाजेपर्यंत तुझी वाट पाहिली. खोटं कशाला लिहू, शिंग वाजून गेल्यावरही पाहिली.

मग मी झगा वर खोचला, बाबांची कुदळ घेतली आणि मोठ्या वर्गातल्या मुलींना हाक मारली. शाळेच्या मळ्यात रोज कुदळ चालवणाऱ्या मुली आहेत त्या, कुणी नाजूक बाहुल्या नाहीत. बायकांनी पाटाच्या तोंडाशी जायचं नसतं, ते मला ठाऊक आहे आणि मी गेलेही नाही. आपल्या घराच्या वाट्याचा जो तुकडा आहे, उंबरापासून शाळेच्या टाकीपर्यंत, तेवढाच आम्ही उकरायला घेतला. गाळ गुडघाभर होता. मुली गात होत्या. दुपारपर्यंत तो तुकडा असा झाला की ब्रदर एमीलांनी पाहून टोपी काढली असती.

तेवढ्यात वरून पुरुष उतरले. सगळ्यांच्या पुढे किविया म्हातारबा. आधी त्यांना काही दिसेना, मग दिसली ती नेमकी एवरिस्टा. एवरिस्टा म्हणजे त्यांचीच नात, बोनिफासीची थोरली. हो, तोच बोनिफासी. त्याची मुलगी माझ्याकडे दुसरीत आहे, माध्यमिकच्या. मांडीपर्यंत चिखल, हातात कुदळ.

“तू पण?” म्हातारबा म्हणाले.

“आजोबा, इथे फार गाळ साचला होता,” ती म्हणाली. जणू त्यांनी तेच विचारलं होतं.

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. म्हातारबांनी काठी आपटली. “बाईमाणसानं पाटात पाय घातला. पाट बाटला! आता बकरं कापल्याशिवाय कुणी कुदळ लावायची नाही.” सगळे कुदळी खांद्यावर टाकून निघून गेले. संध्याकाळी त्यांनी शाळेकडच्या फाट्यावर केळीचा खांब आडवा टाकला, वर चिखल थापला आणि आमचं पाणी बंद केलं.

मला वाईट वाटलं नाही. राग आला, तो अजून आहे.

गाउडेन्सिया


१५ फेब्रुवारी, सोमवार

क्लेमेन्सी,

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. तुझं मन दयेने वळावं असं मला वाटत नव्हतं, म्हणून. शिक्षणाधिकारी मला डिसेंबरातच सांगून गेले आहेत की टाकी कोरडी राहिली तर वसतिगृह चालवता येणार नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी ते पुन्हा यायचे आहेत. वसतिगृह बंद झालं की मुलींना दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळांत पाठवणार. पाठवणार म्हणजे काय, हे तुला माहीत आहे. कोणता बाप चौदा वर्षांच्या मुलीला शिन्यांगाला धाडेल? त्या घरी जातील, गवत कापतील, आणि पुढच्या ख्रिसमसला मला त्यांच्या लग्नाचं आमंत्रण येईल. अधिकारी माणूस चांगला आहे, तरुण आहे, व्हिक्टोरिया सरोवराकडचा. म्हणाला, “सिस्टर, मी नियम केलेला नाही.” मी म्हटलं, “मग मोडायला तुम्हाला जड जाऊ नये.” तो हसला, पण नियम मोडला नाही.

तर आता माझ्या मुली रोज पहाटे दरीत उतरतात आणि डोक्यावर घडे घेऊन चढतात. बाबांनी ज्यासाठी पाणी दिलं, तेच नेमकं उलटं झालं आहे. वर्गात निम्म्या पेंगतात. मी त्यांना ओरडत नाही. मीही त्यांच्याबरोबर वाहते, म्हणून मीही पेंगते.

सगळा गाव एकच सांगतो. फादर सांगतात, स्वयंपाकीण सांगते, आई तर जेवताना, झोपताना, जपमाळ ओढताना सांगते, “इसालेचं पान पाठव.” इसालेच्या पानाला गाठ मारून ज्याच्या हाती दिली, त्याला नाही म्हणता येत नाही. ज्याच्या बापाचा खून झाला त्यालाही नाही म्हणता आलेलं नाही. मी पान पाठवलं तर किविया म्हातारबा त्याच दुपारी केळीचा खांब काढतील, हे मला दिसतं आहे.

“एवढं एक पान तोडायला तुझे हात झिजतात का गं?” आई म्हणाली.

“आई, पान माफीचं असतं. मी कशाची माफी मागू?”

“कशाचीही माग. पाणी आलं की झालं.”

नाही झालं. पान पाठवलं की मी कबूल केलं की माझ्या मुलींच्या हातांनी पाट बाटतो. मग पुढे कुठल्या मुख्याध्यापिकेला ते पुसता येईल? पाणी येईल, पण भिकेचं. बाबांनी शाळेला भीक घातली नव्हती, हक्क दिला होता.

तू म्हणशील, ही पहिल्यापासूनच अशी. आहे. मला मागणी घालायला बोनिफासीकडून आलेली म्बेगे, ती केळीची दारू, तू घराचा कर्ता म्हणून प्यायलास, अठरा वर्षांचा होतास, बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. आणि मी मात्र मठात निघून गेले. पाटावर म्हातारबा सगळ्यांसमोर तुला बोलले, “ज्याला बहीण सांभाळता येत नाही, तो पाणी काय सांभाळणार!” सगळे हसले. तू कुदळ तिथेच टाकलीस आणि स्टेशन गाठलंस. सोळा वर्षं झाली. मी गेले याचा मला पश्चात्ताप नाही, आजही जाईन. पण त्याची किंमत तुझ्याकडून वसूल झाली, त्याचं मला फार वाईट वाटतं. रोज वाटतं असं नाही. जेव्हा वाटतं तेव्हा जेवण जात नाही.

गाउडेन्सिया


२४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

क्लेमेन्सी,

काल सकाळी पाणी आलं.

मुलींचा ओरडा ऐकून मी प्रार्थना अर्धी सोडून धावले. टाकीत धो धो पडत होतं. एवरिस्टा कपड्यांसकट त्याखाली उभी होती. स्वयंपाकीण पातेलं वाजवत होती. मी पण हसले, किती दिवसांनी. मला वाटलं, म्हातारबांना लाज वाटली. मला वाटलं, मी जिंकले. दिवसभर मी इतकी खूश होते की गणिताच्या तासाला गणित सोडून गाणी म्हणू दिली.

आज आईने कपाळाला राख लावून घेतली आणि देवळाच्या पायरीवरच सांगितलं. “क्लेमेन्सी येऊन गेला सोमवारी. बारीक झालाय.”

सोमवारी, भर दुपारी, सगळा गाव बाजारात असताना तू आलास. किविया म्हातारबांच्या हातात इसालेचं पान ठेवलंस, “माझ्या बहिणीच्या वतीने,” असं म्हणालास. आईकडे दोन केळी खाल्लीस, आणि शाळेचं फाटक तिथून दिसत असताना उतार उतरून गेलास.

मी तुझ्याकडे कुदळ मागितली होती, क्लेमेन्सी. पान मागितलं नव्हतं.

तू चांगल्या मनाने केलंस, मला कळतं. सोळा वर्षांनी तू माझ्यासाठी त्या माणसाच्या दारात गेलास, ते तुला किती जड गेलं असेल तेही कळतं. हे लिहिताना मला रडू येतंय. पण तू माझ्या तोंडाने माफी मागितलीस, जी मी मागितली नसती, आणि माझ्या मुलींना अपराधी करून आलास. तुला विचारायचं सुचलं नाही का? बाबांनीही एवढं मोठं पाणी दिलं, पण आधी मला विचारलं होतं, शिकशील का म्हणून.

मी काय केलं ते ऐक. देवळातून थेट फाट्यावर गेले. म्हातारबांनी बाजूला फेकलेला केळीचा खांब मीच ओढून आणला, आडवा टाकला आणि चिखल थापून पाणी बंद केलं. टाकी निम्मी भरली आहे. तिला कुणी हात लावायचा नाही, असं सांगितलं आहे. शनिवारी अधिकारी येतील तेव्हा ती तेवढीच असेल. मग जे व्हायचं ते होवो.

मुलींना सगळं सांगितलं. एवरिस्टा म्हणाली, “पण सिस्टर, आजोबांनी तर माफ केलं. मग आपण का रागावलोय?”

“माफ केलं म्हणतेस, तर कशाबद्दल, ते आजोबांना विचारून ये.”

ती लगेच निघाली. मी तिला थांबवलं नाही.

गाउडेन्सिया


२८ फेब्रुवारी, रविवार

क्लेमेन्सी,

रागावून लिहिलेलं पत्र तुला शुक्रवारी मिळालं असेल. त्यातला एक शब्दही मागे घेत नाही, पण आता हे वाच.

एवरिस्टाने आजोबांना विचारलं. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, घडा डोक्यावर घेऊन, त्यांच्या दारात उभं राहून. घरात सुना ऐकत होत्या. त्यांतल्या दोघी आमच्याच शाळेत शिकलेल्या. म्हणून की काय, शुक्रवारी म्हातारबांनी शिंग फुंकलं आणि सगळ्या पाटवाल्यांना उंबराखाली बोलावलं. मलाही बोलावलं. बाईमाणसाला पाटाच्या बैठकीला बोलावल्याचं मला तरी आठवत नाही. मी मुलींना घेऊन गेले. त्यांना मागे उभं केलं, मी पुढे बसले.

म्हातारबांच्या मांडीवर ते पान होतं, वाळलेलं, गाठ तशीच. मला म्हणाले, “आलेलं पाणी अडवलंस. असं कुणी करतं का?”

“मी पान पाठवलं नव्हतं.”

“पण आलं. आणि मी घेतलं. आता?”

“आता सगळ्यांसमोर सांगा, कशाची माफी दिलीत. मुलींच्या हातांची असेल, तर ते पाणी माझ्या शाळेला नको. शाळा बंद पडली तरी नको.”



म्हातारबांनी पानाची गाठ चाचपली. मग म्हणाले, “पान कुणाच्या हातून आलं?”

“क्लेमेन्सीच्या,” दोघातिघांनी सांगितलं.

“मग चूक त्याची. ज्याचा हात त्याची चूक, अशीच रीत आहे. सोळा वर्षं बापाची कुदळ टाकून पाटावर आला नाही, ती त्याची चूक. ती मी माफ केली. घराची पाळी घराला परत. पोरींचं या पानात काही नाही.”

“आणि पोरींनी पाट बाटवला त्याचं काय?” खालच्या आळीचा एक जण उठून म्हणाला. चांगला दांडगा आहे, तू ओळखत नाहीस.

“तू मंगळवारी केळीला पाणी घेतलंस?”

“घेतलं.”

“त्याच बाटलेल्या पाटाचं घेतलंस. मग जा, केळी उपटून टाक आधी.”

हशा झाला. तो खाली बसला. म्हातारबा पुढे म्हणाले, “या घराची एक कुदळ मोजायची. कुदळ धरणारा हात कधी मोजलाय आपण? एमील बरदरचा हात कुठं या घरचा होता? तरी वर्षानुवर्षं मोजलाच ना! माझे डोळे आता गेले. मला कुदळी दिसतात, हात दिसत नाहीत. आता मोजणारा मी आहे, तेव्हा मला दिसेल तेवढंच मोजणार.” मग माझ्याकडे बोट केलं. “पण तोंडाशी यायचं नाही. आणि प्रत्येक घर देतं तशी दोन मडकी म्बेगे तूही द्यायची.”

तपाच्या दिवसांत, मठातल्या बाईने, पुरुषांसाठी म्बेगे करायची! मी कबूल केलं. आईने तिथूनच नाचणीचा हिशेब सुरू केला.

उठताना त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, “ती पोर रोज माझ्या दारावरून घडा घेऊन जायची. मला वाटलं दोन दिवसांत रडेल. मान दुखते म्हणाली नाही एकदाही. तुझ्यासारखीच निघाली, सत्यानाश!” मग म्हणाले, “क्लेमेन्सीला लिही. म्हणावं, त्या दिवशी पाटावर जे हसले त्यांतले बहुतेक मेले. जो उरलाय तो मी, आणि माझे दात पडले. आता हसलो तरी कुणाला दिसणार नाही.”

केळीचा खांब मुलींनीच काढला. काल अधिकारी आले तेव्हा टाकी काठोकाठ होती. त्यांनी काठावर हात फिरवला, ओला झाला म्हणून रुमालाने पुसला आणि विचारलं, “मग हे पाणी मिशनचं की सरकारचं, सिस्टर?”

“माझ्या बापाचं,” मी म्हटलं. “शाळेला दिलंय.” त्यांना ते कुठल्या रकान्यात लिहायचं कळेना, म्हणून त्यांनी लिहिलंच नाही. वसतिगृह चालू राहील.

तर तुझ्या पानाने तुला माफी मिळाली, मला नाही. मला नकोच होती. आता तुझी भीती संपली, निदान त्या पाटावरची. आपल्या दोघांत जे आहे त्याला पान पाठवू नकोस. ते आलं की मला नाही म्हणता येणार नाही, आणि नाइलाजाने तुला घरात घेणं मला जमायचं नाही. आपलं तोंडानेच भांडून मिटवू. तुझ्या बायकोला आण, मुलांना आण. मुलगी असेल तर तिला इथे ठेवून जा, तिला घडा उचलावा लागणार नाही.

जुलैत पुन्हा पाट उकरायचा आहे. तुझी जागा मी रिकामी ठेवलेली नाही, तिथे मी उभी राहणार आहे. हवी असेल तर ये आणि माझ्या हातातली कुदळ काढून घे. मी सहजासहजी सोडणार नाही.

तुझी ताई,
गाउडेन्सिया